कोणत्या पुस्तकातला नियम? मुलांचे बेसबॉल, नियमांविषयीचे गैरसमज आणि पंचांच्या चुका

15 जून 2019 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या लेकवुड शहरात बेसबॉलच्या मैदानावर मोठ्या माणसांची तुंबळ मारामारी झाली. सामना सात वर्षांच्या मुलांचा होता. वाद पंचाच्या निर्णयावरून पेटला आणि तो पंच होता तेरा वर्षांचा मुलगा. पोलिसांनी त्या मारामारीची चित्रफीत प्रसिद्ध केली, ती देशभर पाहिली गेली. काहींनी पालकांच्या वागण्यावर टीका केली. इतक्या लहान मुलावर पंचाची जबाबदारी का टाकली, असे काहींनी विचारले. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे. मैदानावर निर्णय देणारा आणि कुंपणामागून त्याच्यावर ओरडणारे यांच्या डोक्यात एकच नियम असतो का?

बहुतेक वेळा नसतो. मुलांच्या बेसबॉलमध्ये पंच चुकतात, हे खरे आहे. पण ज्या निर्णयांवर सर्वांत मोठा गदारोळ होतो, त्यांतले बरेच निर्णय बरोबर असतात. चुकीचा असतो तो ओरडणाऱ्याच्या मनातला नियम. उलट पंचाच्या काही खऱ्या चुका कुणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण त्या ओळखण्याइतके पुस्तक कुणी वाचलेले नसते. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर चर्चा पुढे सरकत नाही.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या अनेक मराठी घरांतली मुले आता शाळेनंतर बेसबॉल खेळतात. क्रिकेटवर वाढलेले त्यांचे आईवडील कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसतात. त्यांच्यासाठी खेळाचा सांगाडा थोडक्यात असा. पिचर चेंडू टाकतो. बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेलेला किंवा मारताना हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, चौकटीबाहेरचा न मारलेला म्हणजे बॉल. बॅटरला तीन स्ट्राइक मिळाले तर तो आउट, चार बॉल मिळाले तर पहिला बेस फुकट. चेंडू मारल्यावर पहिला, दुसरा, तिसरा बेस घेऊन होम प्लेटवर परतला की एक रन. हवेतला चेंडू झेलून, रनरला चेंडूने स्पर्श करून, किंवा तो ज्या बेसकडे जायला बांधील आहे त्या बेसला त्याच्याआधी चेंडूसह स्पर्श करून त्याला आउट करता येते. तीन आउट झाले की डाव बदलतो.

पार्श्वभूमी

बेसबॉलचे लिखित नियम 1845 च्या निकरबॉकर क्लबपासून सुरू होतात. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जवळपास दर हंगामाला त्यांत भर पडत गेली. कुणी पळवाट शोधायची आणि ती बुजवायला पुढच्या वर्षी नवे कलम लिहायचे, अशी त्या पुस्तकाची वाढ झाली. त्यामुळे ते एका तत्त्वातून उभे राहिलेले पुस्तक वाटत नाही. अपवादांवर अपवाद रचत गेलेली ती संहिता आहे आणि वाचणाऱ्याला ती तशीच भेटते.

पुस्तक आणि मैदानावरची वहिवाट यांतले अंतरही जुनेच आहे. 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि कब्स यांच्या सामन्यात शेवटच्या डावात, दोन आउट असताना, जायंट्सच्या फलंदाजाने विजयी फटका मारला. तिसऱ्या बेसवरचा रनर होमवर आला. प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच तंबूकडे वळला. त्या काळी सगळेच तसे करत. पण नियम सांगत होता की तिसरा आउट असा ‘फोर्स’ने, म्हणजे रनर ज्या बेसकडे जायला बांधील आहे तिथे, झाला तर रन धरली जात नाही. कब्सच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून दुसऱ्या बेसला पाय लावला, पंच हँक ओ’डे यांनी मर्कलला आउट दिले आणि सामना बरोबरीत सुटला. 8 ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला गेला, कब्स जिंकले आणि एका सामन्याच्या फरकाने लीगचे विजेतेही ठरले. ओ’डे यांचा निर्णय पुस्तकाप्रमाणे अचूक होता. तरी शिक्का बसला तो मर्कलवर, आणि तो त्याला आयुष्यभर पुरला. वहिवाटीला नियम समजणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी.

मुलांसाठी संघटित बेसबॉल त्यानंतर तीस वर्षांनी आले. 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट इथे कार्ल स्टॉट्झ यांनी लिटल लीग सुरू केली. 1947 पासून तिची जागतिक स्पर्धा भरते. 1974 मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मैदान लहान केले गेले. दोन बेसमधले अंतर 90 फुटांऐवजी 60 फूट, पिचरचे अंतर 60 फूट 6 इंचांऐवजी 46 फूट, आणि नऊऐवजी सहा डाव. मैदानाबरोबर नियमही बदलले. पुढे पोनी, बेब रूथ, शाळांचे सामने चालवणारी राष्ट्रीय संघटना आणि फिरत्या संघांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्था अशी आणखी घराणी उभी राहिली. प्रत्येकाचे पुस्तक मूळ व्यावसायिक नियमांवर आधारलेले, पण प्रत्येकाचे फेरफार वेगळे. 2015 मध्ये व्यावसायिक पुस्तकाची फेरमांडणी होऊन कलमांचे क्रमांक बदलले. लिटल लीगने जुनीच मांडणी ठेवली. आता दोन पुस्तके शेजारी ठेवून कलम शोधणेही सोपे राहिलेले नाही.

परिणामी एकच मुलगा शनिवारी लिटल लीगमध्ये एका नियमाने खेळतो, रविवारी फिरत्या संघात दुसऱ्या नियमाने, आणि रात्री टीव्हीवर तिसराच नियम पाहतो. त्याच्या प्रशिक्षकाचे आणि पंचाचेही तसेच.

घट्ट बसलेले गैरसमज

मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी पण पुस्तकात नसलेली कलमे बरीच आहेत. सर्वांत जुने म्हणजे ‘बरोबरी झाली तर रनर सेफ’. असे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही. बॅटर पहिल्या बेसला शिवण्याआधी त्याला किंवा बेसला चेंडूसह स्पर्श झाला तर तो आउट, असे नियम म्हणतो. ‘आधी’ या शब्दावर बोट ठेवून काही जण म्हणतात की एकाच क्षणी दोन्ही झाले तर ‘आधी’ झालेच नाही, म्हणून रनर सेफ. दुसरीकडे, रनर आउट होण्याआधी बेसला शिवला तरच त्याला त्या बेसचा हक्क मिळतो, असेही वाक्य पुस्तकात आहे. त्या वाक्यावरून याच्या नेमके उलट उत्तर निघते. अनुभवी पंच या वादात पडत नाहीत. त्यांची भूमिका अशी की दोन गोष्टींपैकी एक नेहमी आधी झालेली असते आणि कोणती ते सांगणे हेच पंचाचे काम. ही भूमिका मला पटते. बरोबरीचे कलम हाताशी आहे असे वाटले की पंच नीट पाहायचे थांबतो.

दुसरा गैरसमज मराठी पालकांच्या बाबतीत विशेष समजण्यासारखा आहे. ‘हात हा बॅटचाच भाग’ असे अमेरिकेतही सर्रास म्हटले जाते. क्रिकेटमध्ये ते खरे आहे. बॅट धरलेल्या हाताला किंवा ग्लोव्हला चेंडू लागला तर तो बॅटला लागला असे धरतात. बेसबॉलमध्ये मात्र हात हा शरीराचा भाग आहे. बॅटरने बॅट फिरवली नाही, चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर होता, त्याने तो चुकवायचा प्रयत्न केला आणि चेंडू बोटांना लागला, तर त्याला पहिला बेस मिळतो. बॅट फिरवताना लागला तर चेंडू मृत आणि स्ट्राइक. ती तिसरी स्ट्राइक असेल तर बोट सुजले असले तरी तो आउट. हा निर्णय कुंपणापलीकडून निर्दय वाटतो आणि म्हणूनच पंचाला शिव्या बसतात. पण नियम तोच आहे.

पहिला बेस ओलांडून पुढे गेलेल्या मुलाने उजवीकडेच वळले पाहिजे, हीही समजूत चुकीची. तो कोणत्याही बाजूला वळू शकतो. फक्त दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला तर त्याला टॅग, म्हणजे चेंडूने स्पर्श करून आउट, करता येते, आणि प्रयत्न झाला की नाही हे पंच ठरवतो. होम प्लेट फाउलच्या हद्दीत आहे, हेही खोटे. ती पूर्णपणे खेळाच्या हद्दीत आहे. जमिनीवर आपटून आलेला चेंडू मारता येत नाही, हेही खोटे. तो मारता येतो आणि अंगाला लागला तर बेसही मिळतो. रनरने दोन बेसमधल्या सरळ रेषेपासून तीन फुटांपेक्षा जास्त बाजूला जायचे नाही, हे अर्धसत्य आहे. टॅग करायचा प्रयत्न सुरू होतो त्या क्षणी रनर जिथे असेल तिथून बेसपर्यंतची सरळ रेषा धरली जाते आणि तीन फूट तिच्यापासून मोजतात. टॅगचा प्रयत्नच नसेल तर तो लांबून वळसा घेऊनही धावू शकतो.

आता इनफिल्ड फ्लाय. या नियमावर थोडे थांबले पाहिजे, कारण मुलांच्या सामन्यांत याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्याही नियमाने होत नाही. नियम 1890 च्या दशकात आला. पहिल्या व दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत, दोनपेक्षा कमी आउट आहेत, आणि इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) सहज प्रयत्नाने झेलू शकेल असा उंच चेंडू उडाला, तर झेल होवो न होवो, बॅटर आउट. कारण सरळ आहे. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडला तर बेसला चिकटून थांबलेले रनर अडकतात आणि एका फटक्यात दोन आउट होतात. ही लबाडी बंद करण्यासाठी हा नियम. विल्यम स्टीव्हन्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने 1975 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी-नियतकालिकात या एका नियमावर छोटा लेख लिहिला आणि तो वकिलांच्या जगात पुढे अनेकदा उद्धृत झाला.

गैरसमज चार. चेंडू इनफिल्डच्या मातीवरच पडायला हवा, असे लोकांना वाटते. खरे तर पाहायचा असतो तो झेलणाऱ्याचा सहज प्रयत्न, जमिनीवरची रेषा नव्हे. पंचाने घोषणा केली की चेंडू मृत होतो, असे वाटते. तो जिवंतच राहतो आणि रनर आपल्या जबाबदारीवर पुढे जाऊ शकतात. झेल सुटला तरी रनरने आधी बेसला परत शिवले पाहिजे, असे वाटते. झेल सुटला असेल तर त्याची गरज नसते. आणि रनरला पुढे जाणे भाग आहे, असे वाटते. बॅटर आउट झाल्याने ती सक्ती संपलेली असते. दहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात चेंडू पडतो, प्रशिक्षक ‘पळ, पळ’ ओरडतो, रनर निघतो, टॅग होतो आणि सगळे पंचावर धावून जातात. व्यावसायिक पातळीवरही हे टळलेले नाही. 5 ऑक्टोबर 2012 रोजी अटलांटा आणि सेंट लुईस यांच्या बाद फेरीच्या सामन्यात पंच सॅम होलब्रुक यांनी बऱ्याच खोल आउटफिल्डमध्ये पडलेल्या चेंडूवर हा निर्णय दिला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि खेळ 19 मिनिटे थांबला. अटलांटाने केलेली औपचारिक तक्रार फेटाळली गेली, कारण सहज प्रयत्न कशाला म्हणायचे हा पंचाच्या अंदाजाचा भाग होता. बारा वर्षांच्या क्षेत्ररक्षकाचा ‘सहज प्रयत्न’ ठरवणे त्याहून अवघड, कारण त्या वयात एक मुलगा तो चेंडू डोळे मिटून झेलतो आणि दुसऱ्याला त्याखाली पोहोचताही येत नाही.

इंटरफिअरन्स आणि ऑब्स्ट्रक्शन यांची गल्लत इतकीच सार्वत्रिक आहे. फलंदाजी करणाऱ्या बाजूने केलेला अडथळा पहिला, क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूने केलेला दुसरा. मारलेला चेंडू अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा हक्क आधी असतो. रनरने त्याला चुकवून जायचे. ‘धावण्याची वाट रनरची’ असे ओरडणाऱ्यांना हे माहीत नसते. त्यानंतर मात्र चेंडू हातात नसलेल्या क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवली तर तो ऑब्स्ट्रक्शन, आणि त्यात हेतू पाहिला जात नाही. 26 ऑक्टोबर 2013 रोजी वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना याच कलमावर संपला. तिसऱ्या बेसपाशी जमिनीवर पडलेल्या विल मिडलब्रुक्सला अडखळून अ‍ॅलन क्रेग पडला, पंच जिम जॉइस यांनी ऑब्स्ट्रक्शन दिले आणि सेंट लुईस 5-4 ने जिंकले. मिडलब्रुक्सने ते मुद्दाम केले का, यावर चर्चा रंगली. नियमाच्या दृष्टीने तो प्रश्नच गैरलागू होता.

मुलांसाठी वेगळे केलेले नियम

टीव्हीवर पाहिलेले ज्ञान मुलांच्या मैदानावर सर्वांत जास्त फसते ते इथे. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या गटांत रनरने पिच केलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेपर्यंत बेस सोडायचा नाही. पुढच्या बेसकडे जाताना डोके पुढे करून घसरायचे नाही, घसरला तर आउट. परतताना मात्र चालते. बॉकचा, म्हणजे पिचरच्या रनरला फसवणाऱ्या हालचालीचा, दंड या गटांत नाही, त्याऐवजी ‘अवैध पिच’ आहे. स्ट्राइकची चौकट व्यावसायिक खेळात खांदा आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यापासून गुडघ्याच्या खालच्या खोबणीपर्यंत असते. लिटल लीगमध्ये ती काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. 2007 पासून पिचरने दिवसाला किती चेंडू टाकायचे याची वयानुसार मर्यादा आहे. 9-10 वर्षांना 75, 11-12 वर्षांना 85. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने 66 किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. हा मोजणीचा नियम आहे, अंदाजाचा नव्हे. तरी दोन्ही संघांच्या वह्यांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा पंच आणि गुणलेखक अडचणीत येतात.

‘घसरलेच पाहिजे’ हा गैरसमज याच गटात येतो. असा सरसकट नियम लिटल लीगमध्ये नाही. चेंडू हातात घेऊन टॅगसाठी थांबलेल्या क्षेत्ररक्षकाला रनरने घसरून किंवा बाजूने जाऊन टाळायचा प्रयत्न केला नाही, तर तो आउट. दोन्ही पर्याय खुले असतात. ‘तो घसरला नाही, आउट द्या’ ही मागणी पंच फेटाळतो तेव्हा तो बहुधा बरोबर असतो.

बेस लवकर सोडण्याचा नियम ऐकायला सोपा, पण त्याचे परिणाम पंचांनाही घाम फोडतात. लवकर निघालेला रनर आउट होत नाही. पंच खुणेचा रुमाल टाकतो आणि खेळ चालू राहतो. त्या खेळात कुणी आउट झाले तर तो आउट टिकतो. कुणी आउट झाले नाही तर रनरना मागे आणले जाते. किती मागे, ते फटका किती बेसचा होता आणि कोणते बेस मोकळे होते यावर ठरते. शिवाय एकाने घाई केली की सगळ्या रनरवर परिणाम होतो. ज्याने काहीच चूक केली नाही अशा मुलाची रन त्यामुळे जाऊ शकते. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. पण ते पुस्तकात आहे, आणि ते नीट लागू करणारा पंचच बहुधा ‘काहीही करतोय’ असा ठरतो.

अपीलचे नियमही असेच पोटात घालायला कठीण. रनर बेसला न शिवता पुढे गेला तरी पंचाने गप्प राहायचे असते. पुढचा चेंडू टाकायच्या आत क्षेत्ररक्षकांनी दाद मागितली तरच तो आउट. चुकीच्या क्रमाने बॅटर आला तरी पंचाने आणि गुणलेखकाने ते दाखवून द्यायचे नाही. त्याची फलंदाजी पूर्ण झाल्यावर आणि पुढच्या चेंडूआधी दाद मागितली, तर आउट होतो तो ज्याची पाळी होती तो, चुकून आलेला नव्हे. पंचाला दिसले नाही असे पालक समजतात. त्याला दिसलेले असते.

चूक कोणत्या जातीची?

पंचाच्या चुकीचे दोन प्रकार पडतात आणि नियम त्यांना अगदी वेगळी वागणूक देतात. चेंडू चौकटीत होता की नाही, रनर आधी पोहोचला की चेंडू, हा अंदाजाचा निर्णय. त्याविरुद्ध औपचारिक तक्रार करता येत नाही. इनफिल्ड फ्लायवर चेंडू मृत घोषित करणे किंवा उजवीकडे न वळल्याबद्दल मुलाला आउट देणे, हा नियमाचा चुकीचा वापर. त्याविरुद्ध लिटल लीगमध्ये तक्रार करता येते, पण ती पुढच्या चेंडूआधी नोंदवावी लागते. स्पर्धेच्या सामन्यांत तर खेळ पुढे जायच्या आत प्रश्न सोडवावा लागतो आणि गरज पडल्यास वरच्या कार्यालयाला फोन होतो. व्यावसायिक बेसबॉलने 2020 मध्ये अशा तक्रारींची पद्धतच बंद केली. मुलांच्या खेळात ती टिकून आहे आणि टिकावी असे माझे मत आहे, कारण पुस्तक उघडून सुटणारा वाद पुस्तक उघडूनच सोडवला पाहिजे.

प्रत्यक्षात मात्र हे प्रमाण उलटे दिसते. ज्यावर दाद मागता येत नाही त्या चेंडूंवर तासभर आरडाओरडा होतो, आणि ज्यावर दाद मागता येते ती चूक प्रशिक्षकाला कळत नाही किंवा कळेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असतो.

पंच का चुकतात

पहिले कारण संख्येचे. व्यावसायिक सामन्यात चार पंच असतात, मुलांच्या सामन्यात दोन, आणि अनेकदा एकच. होम प्लेटमागे उभा असलेला एकटा पंच चेंडू पाहील की रनरने बेस लवकर सोडला का ते? दोन्ही एकाच क्षणी पाहणे माणसाला शक्य नाही.

दुसरे कारण जागेचे. प्लेट 17 इंच रुंद असते आणि चेंडूचा व्यास सुमारे 2.9 इंच. चेंडूची कडा प्लेटच्या कडेवरून गेली तरी स्ट्राइक, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास 23 इंचांची पट्टी मिळते. शिवाय चौकट प्लेटच्या वर असते, प्लेटमागे चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हपाशी नाही. दहा वर्षांच्या मुलाचा संथ चेंडू प्लेटवर गुडघ्याच्या वर असतो आणि ग्लोव्हमध्ये येईपर्यंत जवळजवळ जमिनीला टेकतो. कुंपणामागचे लोक ग्लोव्ह पाहतात, पंचाने प्लेट पाहायची असते. अननुभवी पंचही बऱ्याचदा ग्लोव्हच पाहतात, आणि ती त्यांची खरी, नेहमीची चूक असते. पहिल्या बेसवर पंच डोळ्यांनी रनरचा पाय पाहतो आणि कानांनी ग्लोव्हचा आवाज ऐकतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. बेसजवळच्या पंचाला हा उशीर नगण्य असतो. प्लेटजवळून निर्णय देणाऱ्या एकट्या पंचाला किंवा लांब बसलेल्या पालकाला तो पाच ते आठ शतांश सेकंद किंवा त्याहूनही जास्त पडतो, आणि अटीतटीच्या क्षणी तेवढा फरक पुरतो.

तिसरे कारण मनाचे. यावरचे संशोधन व्यावसायिक पंचांवर झाले आहे, कारण चेंडूचा मार्ग मोजणारी यंत्रे तिथेच आहेत. बोस्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासाने 2018 च्या हंगामात बॉल-स्ट्राइकचे 34,294 चुकीचे निर्णय मोजले, म्हणजे सामन्याला सुमारे चौदा. चेन, मॉस्कोविट्झ आणि शू यांच्या 2016 च्या निबंधात दिसले की एक स्ट्राइक दिल्यावर पंच पुढच्या, तशाच चेंडूला स्ट्राइक द्यायला किंचित कचरतो. दोन स्ट्राइक झाल्यावर चौकट आकसते आणि तीन बॉल झाल्यावर फुगते, हेही अनेक विश्लेषणांत आढळले आहे. जगातल्या सर्वांत प्रशिक्षित पंचांची ही कथा असेल तर आठवड्याला दोन सामने करणाऱ्या शेजारच्या काकांकडून किंवा शाळकरी मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची, याचे उत्तर आपोआप मिळते.

उपायांबाबतच्या भूमिका

एक गट प्रशिक्षणावर भर देतो. पंचांइतकेच प्रशिक्षक आणि पालक यांनाही नियम शिकवावेत, असे त्याचे म्हणणे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अडचण अशी की लिटल लीगची रचना स्वयंसेवकांवर उभी आहे. तिच्या जागतिक स्पर्धेतले पंचही मानधन न घेता काम करतात. फुकट काम करणाऱ्याला सक्तीचे शिबिर लावले तर तो येणेच बंद करील, ही स्थानिक लीगची भीती खोटी नाही.

दुसरा गट तंत्रज्ञानाकडे पाहतो. लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत 2008 मध्ये मर्यादित आणि 2010 पासून व्यापक चित्रफीत-तपासणी आली. व्यावसायिक खेळात प्रशिक्षकाने दाद मागण्याची व्यापक पद्धत 2014 मध्ये आली, म्हणजे या बाबतीत मुले पुढे होती. पण कॅमेरे त्या एका स्पर्धेपुरते असतात. गावातल्या मैदानावर पालकांचे फोन असतात, आणि फोनवरची चित्रफीत पाहून निर्णय बदलायचा नाही अशीच पद्धत आहे. फोनचा कोन आणि वेग विश्वासार्ह नसतो, हे एक कारण. एका बाजूकडे चित्रफीत असते आणि दुसऱ्या बाजूकडे नसते, हे अधिक महत्त्वाचे कारण.

तिसरा गट म्हणतो की प्रश्न अचूकतेचा नाहीच, वागणुकीचा आहे. क्रीडापंचांच्या राष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये 17 हजारांहून अधिक पंचांची मते घेतली. खिलाडूवृत्ती खालावत आहे असे निम्म्याहून जास्त जणांनी सांगितले आणि सर्वाधिक त्रास कोणाचा, याला सुमारे 40 टक्क्यांनी ‘पालकांचा’ असे उत्तर दिले. शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अंदाजानुसार 2018-19 नंतरच्या काही वर्षांत सर्व खेळ मिळून सुमारे 50 हजार पंचांनी काम सोडले. वीसहून अधिक राज्यांत क्रीडापंचांवरील हल्ल्यासाठी स्वतंत्र किंवा कडक कायदे आहेत. 2023 मध्ये न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड टाउनशिपच्या लिटल लीगने वेगळा मार्ग काढला. पंचाशी गैरवर्तन करणाऱ्या प्रेक्षकाने तीन सामन्यांत स्वतः पंचाचे काम करायचे, तोवर मैदानावर बंदी, आणि ते केले नाही तर वर्षभराची बंदी. समर्थकांना यात शिक्षण दिसले. चुकीच्या माणसाला पंच केल्याने त्या सामन्यातल्या मुलांचे नुकसान होईल, असा आक्षेपही घेतला गेला. मला दोन्हींत तथ्य दिसते. म्हणून अशा माणसाला अनुभवी पंचाच्या शेजारी, फक्त बेसवर उभे करण्याची तिथली अट महत्त्वाची वाटते.

चौथी भूमिका नियमच सोपे करा असे सांगते. बेस लवकर सोडणाऱ्याला सरळ आउट द्या, जसे सॉफ्टबॉलमध्ये आहे. अपीलची पद्धत बंद करून पंचाला जे दिसले ते त्याने सांगावे. सर्व संघटनांनी बारा वर्षांखालील मुलांसाठी एकच पुस्तक करावे. याला विरोध करणारे म्हणतात की अपील हा खेळातल्या हुशारीचा भाग आहे आणि तो लहानपणीच शिकायचा असतो. संघटनांचे स्वतःचे इतिहास आणि हितसंबंधही आहेत.

काय सुटलेले नाही

मुलांच्या सामन्यांत पंचांच्या चुकांचे मोजमाप होत नाही, त्यामुळे कोणत्या प्रशिक्षणाने चुका कमी होतात हे अनुभवाने सांगितले जाते, पुराव्याने नाही. शाळकरी मुलांना पंच करण्याचा प्रश्नही अनिर्णित आहे. ते मैदानाजवळ राहतात, नियम ताजे आठवतात, त्यांना थोडे पैसे मिळतात आणि त्यांच्यातूनच पुढचे पंच तयार होतात. मात्र चाळिशीतल्या प्रशिक्षकाला ‘आता बाकावर बसा’ म्हणायची ताकद त्यांच्यात असावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. काही लीग अशा पंचाबरोबर एक प्रौढ माणूस फक्त प्रेक्षक सांभाळण्यासाठी ठेवतात. ही व्यवस्था सगळीकडे का नाही, याचे पटण्यासारखे उत्तर मला मिळालेले नाही. स्वयंसेवक मिळत नाहीत, एवढेच ऐकू येते.

सप्टेंबर 2025 मध्ये व्यावसायिक बेसबॉलने पुढच्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकवर यंत्राकडे दाद मागण्याची पद्धत मंजूर केली. प्रत्येक संघाला दोन संधी, आणि दाद मागायची ती बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच, हेल्मेटला किंवा टोपीला हाताने थोपटून. मुले टीव्हीवर पाहतात तेच मैदानावर करतात. गावातल्या मैदानावर त्यांच्यासमोर यंत्र नसेल, तेरा वर्षांचा पंच असेल. हेल्मेट थोपटणाऱ्या मुलाला तिथे ताकीद द्यायची, दुर्लक्ष करायचे, की त्या निमित्ताने चौकट कुठून कुठपर्यंत असते ते त्याला दाखवायचे, हे प्रत्येक स्थानिक लीगला आपल्या प्रशिक्षकांशी आणि पंचांशी बोलून हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागेल.